दुखणे अंगावर काढणारे डॉक्टर

तुम्ही लिहिले आहे की तुमची थोरली बहीण स्वतः डॉक्टर आहे, गेले तीन महिने तिला थकवा जाणवतो आहे, वजनही उतरले आहे, आणि कोणी विषय काढला की ‘मला कळते त्यातले, काळजी करू नका’ एवढे म्हणून ती गप्प बसते. डॉक्टर मंडळी स्वतःच्या आजाराकडे नेमकी कशी पाहतात, त्यांना तो इतरांपेक्षा लवकर कळतो का, आणि ताईंना काय सांगावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ मी फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि या काळात माझ्याकडे रुग्ण म्हणून बरेच डॉक्टर आले. मी स्वतःही एकदा रुग्ण झालो, आणि तेव्हा या प्रश्नाचे जे उत्तर मिळाले ते तोपर्यंतच्या सगळ्या अनुभवातून मिळाले नव्हते.

आधी थोडक्यात सांगतो. डॉक्टरला स्वतःचा आजार कळत नाही याचे कारण त्याचे ज्ञान कमी पडते हे नसते. निदानाचा मोठा भाग हकीकत विचारण्यात असतो, आणि स्वतःची हकीकत स्वतःला नीट विचारता येत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराची धास्ती वाटते, तो प्रश्न आपण आपल्याला विचारतच नाही. समोर बसलेल्या अनोळखी रुग्णाला मात्र तोच प्रश्न आपण न अडखळता विचारतो.

डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेत नाहीत असे नाही. घेतात, पण कसा घेतात ते पाहण्यासारखे आहे. काही वर्षांपूर्वी एक अनुभवी सर्जन दुपारी ओपीडी संपता संपता माझ्या खोलीच्या दारात आले. हातात ईसीजीची पट्टी होती. ‘जरा नजर टाका, काही विशेष नाही ना?’ असे त्यांनी उभ्या उभ्याच विचारले. पट्टी खरोखरच ठीक होती. मी तसे सांगितले असते तर ते समाधानाने निघून गेले असते, आणि आमच्या दोघांच्याही मनात तपासणी झाल्याची नोंद राहिली असती. मी त्यांना बसायला सांगितले, केसपेपर काढायला लावला आणि पट्टी बाजूला ठेवून सुरुवातीपासून विचारायला लागलो. डोके दुखते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, घरात कोणाला रक्तदाब आहे का, शेवटचा रक्तदाब कधी मोजला? शेवटच्या प्रश्नावर ते थांबले. त्यांना आठवेना. दंडाला पट्टा बांधून मोजला तर १९०/११० होता. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नव्हता. रोज शस्त्रक्रियेआधी प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब डोळ्यांखालून घालणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दंडाला कित्येक वर्षांत पट्टा बांधलेला नव्हता.

जिन्यात, कँटीनमध्ये किंवा राउंड संपल्यावर उभ्याने होणाऱ्या अशा विचारपूशीला आम्ही ‘कॉरिडॉर कन्सल्टेशन’ म्हणतो. त्यात विचारणारा स्वतःच निवडलेली माहिती पुढे ठेवतो आणि सांगणारा तेवढ्यावरच मत देतो. अंगाला हात लागत नाही, कागदावर काही उतरत नाही, आणि पुन्हा कधी दाखवायचे हे कोणीच ठरवत नाही. विचारणाऱ्याला ‘मी दाखवले आहे’ असे वाटते, सांगणाऱ्याला मात्र आपण त्याच्यावर उपचार करतो आहोत असे वाटत नाही. माझ्या मते डॉक्टरांच्या आजारांत सर्वांत जास्त नुकसान याच पद्धतीने होते, कारण स्वतःच स्वतःला औषध देणाऱ्याला ते योग्य नाही याची जाणीव तरी असते.

आता माझी हकीकत. माझी कंबर बरेच दिवस दुखत होती. ओपीडीत तासन्‌तास बसून दुखते असे मी ठरवले, आणि टेबलाच्या खणात नमुन्याच्या गोळ्यांची पाकिटे पडलेली होती त्यातले एक वेदनाशामक सुरू केले. आधी रात्री एक गोळी घेत असे, मग सकाळीही घेऊ लागलो. असे अडीच महिने चालले. त्या काळात जिना चढताना धाप लागू लागली. आरशासमोर उभे राहून मी खालची पापणी ओढून पाहिली, ती फिकट दिसली, आणि मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त तपासले नाही. पुढच्या आठवड्यात शौचाचा रंग काळा झाला, तेव्हा लोहाच्या गोळ्यांनी रंग काळपट होतोच, असे मी स्वतःला सांगितले.

हे तिन्ही निर्णय एकेकटे पाहिले तर पटण्यासारखे आहेत, म्हणूनच मी ते इतके तपशिलाने सांगतो आहे. मात्र हीच हकीकत एखाद्या रुग्णाने सांगितली असती तर तिसऱ्या वाक्याला मी त्याला थांबवले असते. बहुतेक वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे वेदना कमी होते, पण जठराच्या अस्तराचे रक्षण करणारेही तेच द्रव्य असल्यामुळे ते अस्तर उघडे पडते आणि व्रण होऊन त्यातून रक्त झिरपू लागते. दुखणे दाबणारी गोळी व्रणाचे दुखणेही दाबते, म्हणून पोटात काही बिघडले आहे याची चाहूलही पुष्कळदा लागत नाही. लोहाने होणारा काळेपणा आणि रक्तस्रावाने होणारा काळेपणा यांतील फरक मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. लोहाने रंग बदलतो, पण पचलेले रक्त डांबरासारखे चिकट असते आणि त्याला एक विशिष्ट उग्र वास येतो. शिकवलेले सगळे माझ्या डोक्यात होते. फक्त मी पाहिले नव्हते, कारण पाहिले असते तर पुढचे सगळे करावे लागले असते.

शेवटी पत्नीच्या आग्रहाने मी एका पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी सध्या कोणती औषधे चालू आहेत ते विचारले, तेव्हा मी लोहाच्या गोळ्या सांगितल्या आणि गप्प बसलो. मी काही लपवत नव्हतो. खणातले पाकीट माझ्या मनात औषध म्हणून मोजलेच गेले नव्हते. त्यांनी पुढे विचारले, ‘आणि कोणी लिहून न देता काय घेता, सर?’ त्यानंतर त्यांनी गुदद्वारातून बोटाने तपासणी करावी लागेल असे सांगितले. मी म्हणालो, त्याची तशी गरज वाटत नाही. त्यांनी आवाज न चढवता पडदा ओढला आणि मला कुशीवर वळायला सांगितले. तपासणी झाल्यावर त्यांनी हातमोज्याचे बोट माझ्यासमोर धरले. रंग आणि चिकटपणा पाहून मला काही विचारावे लागले नाही. हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे बरेच कमी, निघाले. त्याच दिवशी त्यांनी मला दाखल केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात व्रण दिसला.

ती तपासणी त्यांनी माझ्या वयाचा आणि ज्येष्ठतेचा मान ठेवून टाळली असती तर मी आणखी आठवडाभर लोहाच्याच गोळ्या घेत राहिलो असतो. डॉक्टरांवर उपचार करणारे डॉक्टर नेमके येथे चुकतात. ‘यांना सगळे ठाऊकच आहे’ असे गृहीत धरून ते समजावून सांगत नाहीत, अवघड वाटणारे प्रश्न वगळतात, संकोचाची तपासणी पुढे ढकलतात आणि औषध कसे घ्यायचे तेही लिहून देत नाहीत. त्यामुळे साध्या रुग्णाला मिळते तेवढीही सेवा डॉक्टर रुग्णाला मिळत नाही. मी स्वतः ही चूक अनेकदा केली आहे. त्या आजारपणानंतर माझ्याकडे येणारा डॉक्टर कितीही मोठा असला तरी मी त्याला आधी सांगतो की पुढचा अर्धा तास तुम्हाला काहीच माहीत नाही असे समजून मी बोलणार आहे. आजवर एकानेही याचे वाईट वाटून घेतलेले नाही. उलट बहुतेकांच्या खांद्यांवरचा ताण सैल झालेला मला दिसतो.

ही अडचण आजची नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ मध्ये आपली पहिली आचारसंहिता लिहिली, तेव्हाच तिच्यात नमूद केले होते की आजारी वैद्य स्वतःच्या आजाराचा निवाडा करण्यास सहसा असमर्थ असतो, आणि पत्नी किंवा मूल आजारी असताना वाटणारी काळजी त्याची विचारशक्ती झाकोळून टाकते. तेव्हा जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धान्तही मान्य झालेला नव्हता. औषधे आणि तपासण्या पार बदलल्या, तरी त्या वाक्यात बदल करण्याची गरज पडलेली नाही. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने २०१७ मध्ये डॉक्टरांनी घ्यायच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत सुधारणा केली आणि रुग्णांना उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन, असे वचन तिच्यात घातले. ही प्रतिज्ञा १९४८ ची आहे. म्हणजे डॉक्टरचे आरोग्य हे त्याच्या कर्तव्यात मोडते हे मान्य व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

स्वतःवर उपचार करणे योग्य नाही असे म्हटले की लिओनिद रोगोझोव यांचे उदाहरण हमखास दिले जाते. ते अंटार्क्टिकावरील नोवोलाझारेव्स्काया या सोव्हिएत तळावरचे एकमेव डॉक्टर होते. एप्रिल १९६१ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांना अपेंडिक्सचा दाह झाला. हवामान असे होते की विमान येणे शक्य नव्हते. त्यांनी स्थानिक भूल घेतली, तळावरील सहकाऱ्यांना अवजारे देण्यासाठी व आरसा धरण्यासाठी उभे केले, आणि सुमारे पावणेदोन तासांत स्वतःचे अपेंडिक्स काढले. आरशातील उलट्या प्रतिमेने गोंधळ होत असल्यामुळे बराचसा भाग त्यांनी केवळ बोटांच्या स्पर्शाने केला, आणि दर चार-पाच मिनिटांनी त्यांना थांबून दम घ्यावा लागत होता. हे धैर्य अलौकिक आहे. पण मला त्या हकीकतीतली दुसरीच गोष्ट जास्त लक्षात राहते. आपल्याला अपेंडिक्सचा दाह झाला आहे असे वाटत असूनही आपण गप्प आहोत, हसतही आहोत, उगाच मित्रांना का घाबरवायचे, असे त्यांनी सुरुवातीला रोजनिशीत लिहिले होते. सगळ्या सोयी हाताशी असलेले डॉक्टरही पहिल्या दिवशी हेच करतात.

त्याच खंडावरील १९९९ ची घटना मला अधिक अनुकरणीय वाटते. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन तळावर हिवाळ्यात डॉ. जेरी नील्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. त्यांनी डॉक्टर नसलेल्या सहकाऱ्यांच्या मदतीने गाठीतील पेशींचा नमुना घेतला, त्याची चित्रे उपग्रहामार्फत मायदेशी पाठवली, आणि विमानातून खाली टाकलेल्या औषधांनी केमोथेरपी सुरू केली. वरवर पाहता हाही स्वतःवर केलेला उपचारच वाटतो, पण निदान करणारे डोळे आणि औषध ठरवणारे मन हजारो किलोमीटर दूर बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचे होते. माणसे पोहोचू शकत नव्हती तेथेही त्यांनी आपल्याला एक डॉक्टर मिळवला.

डॉक्टर स्वतःच्या आरोग्याबाबत सरसकट बेफिकीर असतात असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठवली आणि चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी तिला उत्तर दिले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पक्का करणाऱ्या अभ्यासांत हा एक प्रमुख अभ्यास ठरला. निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले तसे त्या डॉक्टरांपैकी पुष्कळांनी धूम्रपान सोडले, आणि सोडणाऱ्यांचे आयुष्य किती वाढते हेही त्यांच्याच नोंदींतून पुढे कळले. तसेच हाताला रुग्णाची सुई टोचली तर काय करायचे हे आम्ही सहसा विसरत नाही. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, औषध शक्य तितक्या लवकर आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायचे असते आणि ते २८ दिवस घ्यायचे असते. येथे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत, कारण नियम लिहिलेला असतो, नोंद दुसरा कोणी करतो आणि निर्णय आपल्या हातात उरत नाही. अडचण येते ती थकवा, छातीतील जडपणा, न भरणारी जखम, उतरणारे वजन अशा दुखण्यांत, कारण तेथे नियम नसतो आणि कधी दाखवायचे हे ज्याचे त्यालाच ठरवायचे असते.

त्यात कामाची शिस्तही आड येते. निवासी डॉक्टर असल्यापासून आम्ही हेच पाहत आलेलो असतो की ताप असला तरी ड्युटी सोडायची नाही, कारण आपण गेलो नाही तर तेच काम आधीच दमलेल्या सोबत्यावर पडते. यात सोबत्याविषयीची निष्ठा आहे आणि तिचा मला आदर आहे. पण फ्लूने फणफणलेला डॉक्टर वॉर्डात फिरतो तेव्हा तो अशक्त रुग्णांना धोक्यात घालत असतो, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

मनाच्या आजारांत हा विलंब सर्वांत महाग पडतो. झोप उडणे, कशातच मन न लागणे, सकाळी दवाखान्यात जाण्याच्या विचाराने पोटात गोळा येणे, ही लक्षणे डॉक्टर रुग्णात चटकन ओळखतात आणि स्वतःत त्यांना ‘कामाचा ताण’ म्हणतात. नोंद झाली तर परवान्यावर परिणाम होईल, सहकारी विश्वास ठेवणार नाहीत, अशी भीती असते. झोपेच्या गोळ्या हाताशी असतात, आणि भूलशास्त्रासारख्या शाखेत त्याहून तीव्र औषधेही असतात. स्त्री डॉक्टरांमध्ये आत्महत्येचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचे अनेक देशांतील आकडे एकत्र करून केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. ज्यांना मदत कोठे मिळते हे सर्वांत चांगले ठाऊक असते, त्यांनाच ती मागणे इतके अवघड जावे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

डॉक्टर असण्याचे फायदेही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. साध्या सर्दीला डॉक्टर बहुधा अँटिबायोटिक घेत नाही, कारण ते विषाणूवर चालत नाही हे त्याला माहीत असते. कोणत्या तपासणीतून काय कळते आणि काय कळत नाही याचा त्याला अंदाज असतो. शस्त्रक्रिया करायची झाली तर कोणाकडे जावे हे तो भूलतज्ज्ञाला आणि ऑपरेशन थिएटरमधील परिचारिकेला विचारतो, कारण त्यांनी सर्जनचे हात रोज पाहिलेले असतात. आणि आपल्याच शाखेतला तीव्र आजार अचानक उद्भवला तर तो मिनिटांत ओळखतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे आहे की अचानक येणारा आजार डॉक्टरला लवकर कळतो, आणि हळूहळू वाढणारा आजार पुष्कळदा त्याला घरच्यांपेक्षाही उशिरा कळतो.

तुमच्या ताईंचा थकवा आणि उतरलेले वजन दुसऱ्या प्रकारात मोडते. तीन महिन्यांचा थकवा रक्तक्षयामुळे, थायरॉईडमुळे, मधुमेहामुळे, क्षयरोगामुळे, नैराश्यामुळे किंवा आणखी गंभीर कारणानेही असू शकतो, आणि येथून मी त्यावर अंदाज बांधणे म्हणजे मीही तीच उभ्याने केलेली विचारपूस ठरेल. त्यांच्याशी आजाराविषयी वाद घालू नका. त्या वादात त्या जिंकतील, कारण शब्द त्यांच्याकडे जास्त आहेत. त्याऐवजी, ‘ताई, तुझा डॉक्टर कोण?’ एवढेच विचारा. त्यांनी नाव घेतले तर त्या डॉक्टरांकडे त्यांचा केसपेपर आहे का आणि त्यावर शेवटची तारीख कोणती, हे विचारा. रक्ताचे अहवाल आहेत असे त्या म्हणाल्या तर ते कोणी लिहून दिले होते आणि कोणी पाहिले, हेही विचारा. या प्रश्नांना वैद्यकीय ज्ञानाने उत्तर देता येत नाही.

नाव निघाले नाही तर त्यांच्या मर्जीने, पण त्यांच्या रुग्णालयाबाहेरच्या, एखाद्या फिजिशियनची वेळ घ्या आणि सोबत जा. स्वतःच्या रुग्णालयात सहकाऱ्यांच्या नजरेमुळे माणूस अर्धे बोलतो. निघण्याआधी त्यांना घरातल्या आणि पर्समधल्या सगळ्या गोळ्या, कोणी लिहून न दिलेल्याही, एका पिशवीत भरायला सांगा. मी दर सहा महिन्यांनी माझ्या डॉक्टरांकडे जातो तेव्हा अजूनही तसेच करतो, आणि त्या नाव-वय लिहून झाल्यावर आधी ती पिशवी टेबलावर रिकामी करतात.